ड्यूटीवरचं कुलूप

कुमुदिनी देवस्थळीच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याच्या वर, एक लाकडी फळी होती आणि तिला सात हूक होते. पहिल्या हुकाला तिच्या स्वतःच्या घराची किल्ली असे. उरलेल्या सहांपैकी चारांना दुसऱ्यांची घरं लटकलेली असत.

हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. वसुंधरातली ती सोसायटी म्हणजे गाझियाबादच्या हद्दीतल्या चार उंच इमारती, आणि त्यांतली सगळी माणसं स्वतःला दिल्लीकर म्हणवणारी. बिल्डरने छापील कागदावर दाखवलेला पोहण्याचा तलाव खोदून तसाच कोरडा पडला होता; संध्याकाळी त्यात मुलं क्रिकेट खेळत. सकाळी साडेआठनंतर मात्र मुलंही नसत आणि माणसंही. नवराबायको दोघंही नोएडाला, नाहीतर कंपनीच्या गाडीतून थेट गुडगावला. मग दहाला कामवाली यायची, अकराला सिलिंडरवाला, आणि अख्ख्या जिन्यात घरी असणारी बाई एकच. "भाभीजी, चाबी आपके पास छोड़ दूँ?" असं विचारत पहिली किल्ली आली ती समोरच्याच दारातल्या विजयालक्ष्मीची. विजयालक्ष्मी बँकेत होती, मूळची तिरुचीची. तिचं पाहून दुसरीने दिली, मग तिसरीने. चौथी किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींची बायको साधना हिची. ती हुकाला लागली त्या दिवशी कुमुदिनीला आपण इथले झालो असं वाटलं. वास्तुशांतीच्या दिवशीसुद्धा तसं वाटलं नव्हतं.

तिचे वडील, तात्या सबनीस, कोपर्निकस मार्गावरच्या सदनात खोल्यांची व्यवस्था बघत. मुंबईहून कामाला आलेले साहेब लोक उतरायचे, त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा तात्यांच्या हातात. रिकामी खोली उघडायची असली तरी तात्या आधी दारावर टकटक करत. लहान कुमुद विचारायची, "आत कुणी नाहीये ना, मग?"

"कुणी नाहीये म्हणून ती आपली होत नाही," तात्या म्हणत आणि मग किल्ली फिरवत.

२००५च्या एप्रिलमध्ये, कुमुदिनी बावन्न वर्षांची असताना, तिच्यावर स्वतःच्याच दाराबाहेर उभं राहायची पाळी आली. कचऱ्याची पिशवी ठेवायला ती बाहेर आली, जिन्याच्या खिडकीतून गरम वाऱ्याचा झोत आला आणि दार धाडकन लागलं. आत गॅसवर कुकर. अशोक, तिचा नवरा, कनॉट प्लेसच्या विमा कंपनीत. गार्डने कोपऱ्यावरून सायकलवाला चाबीवाला आणला. त्याने दोन बारीक सळया काढल्या, एक खाली धरली, दुसरी आत घालून जरा खाजवल्यासारखं केलं आणि दार उघडलं. चाळीस सेकंद. त्यातला अर्धा वेळ तो गार्डशी आदल्या दिवशीच्या मॅचबद्दल बोलत होता. डाळ करपलीसुद्धा नव्हती.

गॅस बंद करून कुमुदिनी वळली आणि समोर ती फळी दिसली. चाळीस सेकंद. म्हणजे आपण जिवापाड सांभाळतो ते नक्की काय सांभाळतो, हा प्रश्न तिच्या मनात शिरला तो निघेना. आधी चार दिवस नुसती भीती वाटली. मग त्या भीतीच्या आत एक खाज आहे असं तिच्या लक्षात आलं. तो चाबीवाला कुलपाच्या आत काय शोधत होता? सळई कशाला अडकत होती? हिस्टरी ऑनर्स करताना एखादी तारीख जुळली नाही की ती अशीच बेचैन व्हायची.

"रुचिरा, ते इंटरनेटवर बघ ना," तिने पुण्याला लेकीला फोन केला, "कुलपं उघडायला शिकतात का गं लोक? म्हणजे चोर सोडून."

रुचिराने दोन दिवसांनी लांबलचक ई-मेल पाठवली. परदेशात म्हणे क्लबच असतात, रविवारी लोक जमतात, चहा पितात आणि कुलपं उघडतात. मग फोनवर म्हणाली, "पण आई, तू ही सगळी ताल्यांची भानगड शिकून पुढे काय करणार?"

"कुलपांची म्हण. तू ते सुडोकू सोडवतेस, पुढे काय करतेस?"

"यार आई."

ई-मेलचे कागद अशोकने ऑफिसातून छापून आणले. कुमुदिनीने लाल पेनाने खुणा केल्या. नवशिक्याने पहिला संच घेताना काय बघावं, यावर अडीच पानं होती. मोठा, तीस नगांचा संच घेऊ नये. त्यातली पंचवीस हत्यारं पडूनच राहतात. दोन-तीन आकड्या, ताण द्यायच्या दोन पट्ट्या, पुरे. पोलाद चांगलं असावं, स्वस्तातलं वाकतं. सरावाला स्वतःचं साधं कुलूप घ्यावं. आणि ठळक अक्षरांत: जे कुलूप वापरात आहे त्याला कधीही हात लावू नये, आणि जे आपलं नाही त्याला तर नाहीच.

एवढं सोपं होतं. पण त्याच आठवड्यात बी ब्लॉकमध्ये भरदिवसा एका घराचं कुलूप काढून चोरी झाली. तोडून नाही, काढून. सेक्रेटरींनी लिफ्टपाशी कागद लावला: सब निवासी ध्यान दें, अपने घर की चाबी किसी को न दें.

कुमुदिनी दिवसभर बेलची वाट बघत बसली. किल्ल्या परत मागायला कोण आधी येतं, एवढंच डोक्यात. संध्याकाळी बेल वाजली आणि विजयालक्ष्मी दारात. "कल गैस आएगा, भाभी. चाबी आपके पास है ना?"

"नीचे नोटिस पढ़ा?"

"पढ़ा. आप 'किसी' में थोड़े ही आती हैं." आणि ती हसून गेलीसुद्धा.

त्या वाक्याने कुमुदिनीला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण पाच मिनिटंच.

"कुमुद, माझं ऐक," अशोक जेवताना म्हणाला. "ही असली हत्यारं घरात कुणाला दिसली ना, तर पोलीस गार्डला विचारायच्या आधी आपल्याला विचारतील. चार घरांच्या किल्ल्या आणि वर हे. तूच सांग, तू असतीस त्यांच्या जागी तर?"

"दिसणार नाहीत कुणाला."

"मग कुणाला न दाखवता करायचा छंद म्हणजे काय असतं?"

तिने त्याला आणखी एक पोळी वाढली.

पहाडगंजला ती एका मंगळवारी गेली, विजयालक्ष्मीला "जुन्या मैत्रिणीकडे जातेय" असं सांगून. हे खोटं बोलायची काही गरज नव्हती, कुणी विचारलंही नव्हतं. बसमध्ये तिच्या पर्समध्ये ते छापलेले कागद होते आणि ती पर्स तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, जणू कुणी उघडून वाचणार होतं.

तिची मराठी शाळा त्याच भागातली. शाळेच्या कपाटाचं कुलूप बिघडलं की ज्यांना बोलवत ते गुलाबराव अजून दुकानात बसत होते. मेन बाजारातून आत गेलं की दोन हॉटेलांच्या मधल्या फटीत ते दुकान. हॉटेलांतले प्रवासी किल्ल्या हरवतात, त्यावर गुलाबरावांचं पोट. सत्तरी उलटलेली, डोळ्यांवर जाड भिंग, मागे भिंतभर कोऱ्या किल्ल्या.

"तात्या सबनिसांची तू. नाकावरून ओळखलं," ते म्हणाले. "बोल, काय हरवलंय?"

"काही नाही हरवलं. मला शिकायचंय." आणि तिने कागद पुढे केले.

गुलाबरावांनी ते वाचले नाहीत. तिच्याकडेच बघत राहिले. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. आता हे विचारणार, घरी ठीक आहे ना, नवरा कुठे असतो, कुणी सांगितलं. त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. खाली वाकून तीन वस्तू काउंटरवर ठेवल्या.

पहिला मोठा डबा, रंगीत मुठींची बत्तीस हत्यारं ओळीने. "हे दाखवायला," गुलाबराव म्हणाले. दुसरं एक लालसर चामड्याचं पाकीट, चेन लावलेलं, आत चकचकीत बारा नग. तिसरी नुसती जाड खादीची घडी. ती त्यांनी उलगडली. आत चार हत्यारं होती, काळपट, कसलीही मूठ नसलेली. करवतीच्या पात्यातून त्यांनी स्वतः घासून काढलेली.

"ही घे. दोन आकड्या, दोन पट्ट्या. माझ्या हातची आहेत, वाकायची नाहीत. आणि एक लक्षात ठेव, नवताल जातीच्या कुलपाला लावू नकोस, त्यात पिना नसतात, आतली रचना वेगळी असते. आत बारीक पिना वरखाली होतात ते पिनांचं साधं कुलूप घे."

कुमुदिनीने चारही हत्यारं हातात घेतली. कागदात लिहिलं होतं तंतोतंत तेच होतं. पण ती तशी खादीच्या घडीत, काळी, घासलेली... कुणीही बघितलं तर एकच विचार करेल. तिने चामड्याचं पाकीट उचललं. चेन लावली की ते नखं कापायच्या बायकी संचासारखं दिसत होतं. ड्रेसिंग टेबलावर ठेवलं तरी कुणी हात लावणार नाही.

"हे घेते मी."

"त्यातलं पोलाद बघ." गुलाबरावांनी एक आकडी काढून बोटांनी वाकवली. ती वाकली आणि तशीच राहिली.

"नवशिक्याला काय, चालेल."

"कुमुद, तुला शिकायचंय की लपवायचंय?"

ती उगाचच हसली. गुलाबरावांनी वाकलेली आकडी सरळ करून पाकिटात घातली आणि पाकीट तिच्यापुढे सरकवलं. "दुकान आहे, नाही म्हणणार नाही मी. पण एक कबूल करून जा. ड्यूटीवरच्या कुलपाला हात लावायचा नाही. दाराला लागलेलं कुलूप कामावर असतं. खेळायला बसलेलं कुलूप वेगळं."

"कबूल."

ते तिने मनापासून म्हटलं होतं.

पुढचे तीन आठवडे तिच्या आयुष्यातले फार चांगले आठवडे होते आणि तेवढेच वाईटही. सकाळी सगळी गेली की ती ओट्यापाशी स्टूल ओढून बसायची, बाजारातून आणलेलं छोटं पितळी कुलूप डाव्या हातात. पट्टीने अगदी हलका ताण, पोहे भिजलेत का बघताना बोटाने दाबतो तेवढाच. मग आकडीने एकेक पिन चाचपायची. नवव्या दिवशी बोटांना एक बारीकसा 'टक' कळला, मग दुसरा, आणि कुलूप हातात सुटं झालं. ती स्टुलावर बसूनच राहिली. कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि सांगायला कुणी नव्हतं.

वाईट हे की बेल वाजली की आधी पाकीट डब्यामागे सरकवायचं, मग दार उघडायचं. एकदा पाकीट टेबलावर राहिलं आणि साधना किल्ली ठेवायला आली. तिची नजर थेट तिथेच गेली.

"अरे, मैनीक्योर सेट? बड़ा स्मार्ट है. कहाँ से लिया?"

"बेटी ने भेजा है," कुमुदिनी म्हणाली आणि साधनाचा हात पोचायच्या आत तिने त्यावर मटारची परात ठेवली. "बैठो ना, चाय बनाती हूँ."

"दिखाओ तो."

"पुराना हो गया, जंग लग गया है."

साधना परातीकडे बघत राहिली. बेटी ने भेजा, आणि जुना झाला, आणि गंजही लागला. कुमुदिनीलाही ते ऐकू आलं होतं. साधना चहा न पिता गेली.

शिवाय आकड्या वाकत होत्या. रोज एक तरी वाकायची, मग ती पकडीने सरळ करायची. सरळ केलेली आकडी पुन्हा तिथेच वाकते हे तिच्या लक्षात आलं होतं. पण नवी आणायची म्हणजे परत जाऊन गुलाबरावांच्या भिंगासमोर उभं राहायचं.

मेच्या मधल्या आठवड्यात विजयालक्ष्मी सासूबाईंना आणायला तिरुचीला गेली. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आता त्या इथेच राहणार होत्या. नवरा दौऱ्यावर. तुळशीला पाणी घालायचं, दोन दिवसांआड एक चक्कर, एवढं काम कुमुदिनीकडे होतं. विजयालक्ष्मीच्या लाकडी दाराबाहेर लोखंडी जाळीचं दार होतं आणि त्याला एक जाडजूड पितळी कुलूप. पिनांचं.

तिसऱ्या चकरेच्या दिवशी, सकाळी अकराला, कुमुदिनी किल्ली घेऊन त्या कुलपासमोर उभी राहिली आणि तिच्या डोक्यात आलं: मी हे उघडणारच आहे. किल्लीने काय, आणि असं काय. तिने मला उघडायला सांगितलंय. किल्ली माझ्या हातात आहे. मग हे कुलूप परकं कसं? घरातलं छोटं कुलूप आता वीस सेकंदांत उघडत होतं. हे खरं, मोठं. जिन्यात कुणी नव्हतं. ती घरात गेली आणि पाकीट घेऊन आली.

पहिली पिन बसली, दुसरी बसली. तिसरीसाठी तिने जरा जोर दिला तेव्हा बोटांना 'टक' कळला. तो पिनेचा नव्हता.

आकडी बाहेर आली ती टोकाशिवाय. तिने डोळे बारीक करून आत बघितलं. काही दिसेना. किल्ली घातली. ती अर्ध्यात थांबली. परत काढली, परत घातली. अर्ध्यातच. तिने ओढणीच्या टोकाने कपाळ पुसलं आणि पुन्हा घातली, जणू तेवढ्या वेळात कुलपाचं मन बदलणार होतं. नखाच्या कात्रणाएवढा पोलादाचा तुकडा आत बसला होता आणि विजयालक्ष्मीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती.

अशोकला तिने ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, "चाबीवाल्याला बोलव, कापून काढायला सांग. तसंच नवीन लाव. गंजलं होतं, किल्ली फिरेना, म्हणून बदललं. संपलं."

"म्हणजे खोटं."

"अर्धं खरं आहे ना. किल्ली फिरत नाहीये."

ती फोन ठेवून उठली, गार्डला हाक मारायला इंटरकॉम उचलला आणि परत ठेवला. चाबीवाला आला तर आत बघणार. तुकडा काढून गार्डला दाखवणार. आणि गार्ड रोज सेक्रेटरींच्या घरी भाजी पोचवतो. मग तिने दुसरा नंबर फिरवला.

"गुलाबराव, तुम्ही येऊ शकाल का? आज, आत्ता. आकडी तुटलीये."

"तुटणारच होती. खेळण्याच्या कुलपात का?"

तिने किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ड्यूटीवरच्या," गुलाबराव म्हणाले. रागावून नाही, औषध न घेतलेल्या पेशंटला डॉक्टर म्हणतात तसं. "कुणाचंय?"

"शेजारणीचं. पण किल्ली माझ्याकडेच असते. तीच ठेवते."

"किल्ली तुझ्याकडे आहे. कुलूप तुझं नाही. मालकीण कधी येते?"

"उद्या सकाळी. म्हणूनच म्हणतेय, त्याआधी..."

"त्याआधी मी हात लावत नाही. पन्नास वर्षांत मालक समोर उभा असल्याशिवाय एक कुलूप उघडलं नाही मी. तुझ्या वडिलांनी सदनातल्या खोलीसाठी बोलावलं होतं एकदा. साहेब फिरायला गेले होते. तात्या म्हणाले, थांबू या. दीड तास बसलो दोघं, दारासमोर." थोडं थांबून ते म्हणाले, "उद्या पहिल्या बसने येतो. तू तोवर तिला काय सांगायचं ते ठरव."

ठरवण्यातच तो दिवस गेला. भाजी चिरताना एक वाक्य जुळायचं, फोडणीला ते बिघडायचं. चार वर्षांचा शेजार. ही किल्ली गेली की दुसरी जाणार, तिसरी जाणार, आणि साधना तर वाटच बघत असेल. मग या जिन्यात आपण कोण? दिवसभर घरी असणारी बाई, जिच्याकडे तसली हत्यारं आहेत. तिने फळीवरच्या किल्ल्या फडक्याने पुसल्या. त्या काही खराब नव्हत्या.

सकाळी आठला लिफ्ट उघडली. विजयालक्ष्मी, दोन बॅगा, आणि काठी घेतलेल्या सासूबाई. कुमुदिनी दारातच उभी होती.

"भाभी, चाबी?"

"पहले इधर आओ. अम्मा को बिठाओ. कॉफी रखी है."

"नहीं भाभी, अम्मा थक गई हैं, घर में ही..."

"विजया, घर नहीं खुलेगा." तिने ठरवलेलं वाक्य हे नव्हतं. पण आता निघालं होतं. "ताला मैंने खराब किया है."

सासूबाईंना खुर्चीत बसवलं, पायाखाली पाट दिला. कुमुदिनीने कॉफी दिली आणि मग ते चामड्याचं पाकीट टेबलावर आणून चेन उघडली. दार लागलेलं, चाबीवाला, पुण्याची ई-मेल, पहाडगंज, छोटं कुलूप, सगळं तिने क्रमाने सांगितलं. साधनाच्या वेळी परात ठेवली तेही. सासूबाईंना हिंदी येत नव्हती; त्या एकदा सुनेकडे, एकदा त्या चकचकीत सळयांकडे बघत कॉफी पीत होत्या.

"चाबी आपके पास थी," शेवटी विजयालक्ष्मी म्हणाली.

"थी."

"तो फिर क्यों?"

"देखना था, हो जाता है क्या."

विजयालक्ष्मीने मान हलवली; हो की नाही ते कळलं नाही. तेवढ्यात गुलाबराव धापा टाकत जिना चढून आले; लिफ्टवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी आधी विजयालक्ष्मीला नमस्कार केला, "आप मालकिन हैं? आप सामने खड़ी रहिए," आणि मग खादीची घडी उलगडली. बारीक दातांच्या करवतीच्या पात्याचा एक तुकडा काढून आत सरकवला, जरा वळवला, ओढला. तीन वेळा काही आलं नाही. चौथ्या वेळी तो पोलादाचा कण त्यांच्या तळहातावर पडला. तो त्यांनी कुमुदिनीला नाही, विजयालक्ष्मीच्या हातात दिला.

"अब आप चाबी लगाइए."

किल्ली फिरली. विजयालक्ष्मीने सासूबाईंना आत नेलं, बॅगा नेल्या. परत आली ती दारात उभी राहून म्हणाली, "चाबी मैं रख लेती हूँ, भाभी. अभी तो अम्मा घर पे हैं ही." हे खरंही होतं, म्हणून कुमुदिनीला जास्त लागलं.

सोसायटीत गोष्ट दोन दिवसांत पोचली. कशी पोचली ते कुमुदिनीने शोधलं नाही. गुलाबरावांना कुठल्या घरी जायचंय हे गार्डनेच वहीत लिहून घेतलं होतं. साधना आली आणि किल्ली घेऊन गेली, "बुरा मत मानना, इनको पोस्ट की वजह से..." असं म्हणत. उरलेल्या दोघी किल्ली मागायला आल्या नाहीत. एकीने तर जिन्यात थांबवून विचारलं, "भाभी, मेरी अलमारी की चाबी खो गई है, देखोगी?" कुमुदिनी म्हणाली, "आप सामने बैठोगी तो देखूँगी."

पुढच्या मंगळवारी ती पुन्हा पहाडगंजला गेली. या वेळी कुणाला काही सांगितलं नाही, खोटंही नाही. चामड्याचं पाकीट गुलाबरावांच्या काउंटरवर ठेवलं आणि खादीची घडी घेतली. त्यांनी एका पट्टीला आणखी दोन हात कानस मारून दिली.

विजयालक्ष्मी अकरा दिवसांनी आली, बँकेत जायच्या घाईत, केस अजून ओले. हातात ते पितळी कुलूप आणि त्याची किल्ली. "नया लगवा लिया," ती म्हणाली. "अम्मा को डर लगता था, इसमें लोहा घुसा था ना. यह आप रखिए. अब यह कहीं लगा नहीं है."

कुमुदिनीने ते घेतलं. ते चांगलंच जड होतं.

"और यह नए वाले की." दुसरी किल्ली टेबलावर ठेवून ती निघाली, लिफ्टचं बटण दाबलं, परत वळली. "भाभी, अम्मा को ग्यारह बजे दवा देनी है. दरवाज़ा वो खोल नहीं पातीं. आप खोल लेना. चाबी से."

"चाबी से," कुमुदिनी म्हणाली.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला सिलिंडरवाल्याने बेल वाजवली. सेक्रेटरी साहेबांच्या घराला कुलूप आहे, किल्ली द्या, म्हणाला.

"मेरे पास नहीं है."

"आपके ही पास तो रहती थी."

"रहती थी."

तो सिलिंडर उचलून पुन्हा पायऱ्या उतरायला लागला. प्रत्येक पायरीवर लोखंड आपटल्याचा आवाज तळमजल्यापर्यंत येत राहिला, आणि तो थांबेपर्यंत कुमुदिनी दारातच उभी होती. मग ती आत आली. साधनाच्या रिकाम्या हुकावरून तिने खादीची घडी काढली. सकाळीच तिने ती तिथे अडकवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. अकरा वाजायला अजून अवकाश होता. तिने स्टूल ओढलं, पितळी कुलूप पुढे घेतलं, त्याची किल्ली शेजारी ओट्यावर काढून ठेवली आणि पट्टी लावली.